टाचेच्या वरचं हाड

भाच्याचं विमान शेतात उतरलं, पलटी झालं आणि तो त्यातून वाचला, ही बातमी आमच्या सगळ्या गोतावळ्यात पोचून जुनी झाली. तरी फोन थांबत नाहीत. मी ओझरला एचएएलमध्ये, लढाऊ विमानांच्या सरकारी कारखान्यात, आयुष्य काढलं. एअरफ्रेम (विमानाचा सांगाडा) फिटर म्हणून लागलो, मिग-२१, मिग-२७ आणि शेवटी सुखोईच्या ओव्हरहॉलवर हात काळे केले आणि निवृत्त झालो. त्यामुळे लोकांना वाटतं, चूक कोणाची याचा निकाल माझ्या खिशात तयार असणार. परवा एका जुन्या सहकाऱ्याने फोन उचलल्या उचलल्या विचारलं, "मग काय, इंजिन की पोरगा?" मॅच कोण जिंकलं हे विचारावं त्या आवाजात. तर हे एकदाच सविस्तर लिहितो.

आधी झालं काय ते. पोरगा मध्य प्रदेशात पायलटचं ट्रेनिंग घेत होता. विमान सेसना १५२, दोन सीटचं. ही विमानं १९७७ ते १९८५ या काळात बनली आणि फ्लाइंग स्कूलमधून अजूनही उडतात. माणसं आणि पेट्रोल धरून कमाल वजन ७५७ किलो. आमच्या सुखोईचं ३८ टनांच्या वर जातं, यावरून अंदाज घ्या. त्या दिवशी तो एकटाच क्रॉस-कंट्रीवर, म्हणजे लांबच्या सराव-फेरीवर होता. जमिनीपासून दोनेक हजार फुटांवर असताना इंजिनची ताकद गेली.

इंजिन गेलं म्हणजे विमान लगेच कोसळत नाही. ६० नॉटचा वेग धरून ठेवला तर सेसना हजार फुटांमागे साधारण दीड सागरी मैल तरंगत जातं. म्हणजे दोन हजार फुटांवरून पाच-साडेपाच किलोमीटर, आणि हाताशी वेळ तीनेक मिनिटं. तेवढ्यात वेग धरायचा, शेत निवडायचं, कार्ब हीट (कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरला असेल तर तो वितळवायला गरम हवा सोडणारी कळ) ओढायची, पेट्रोल-हवेचं मिक्स्चर, फ्युएल, ठिणगी देणारे मॅग्नेटो बघायचे, रेडिओवर मेडे म्हणजे संकटाचा इशारा द्यायचा. इंजिन परत लागत नाही असं दिसलं की पेट्रोल बंद, विजेचा मास्टर स्विच बंद आणि दारांच्या कड्या सोडायच्या. ही कड्यांची गोष्ट लोकांना चमत्कारिक वाटते. आपटल्यावर चौकट वाकली की दार अडकतं आणि माणूस आत राहतो, म्हणून ते जमिनीला लागायच्या आधीच सोडून ठेवायचं. आमच्या पोराने दोन्ही दारं सोडली होती. हे मला कळलं तेव्हा मी तिथल्या हॉस्पिटलच्या जिन्यात बसूनच राहिलो. त्याचं काय चुकलं हे विचारणारे ढिगाने भेटले. त्याने बरोबर काय काय केलं, हे मात्र अजून एकाने विचारलेलं नाही.

शेत गव्हाचं होतं. वरून हिरवं, सपाट, लांबलचक. आदल्या दिवशी त्याला पाणी भरलंय हे वरून कोण सांगणार? मागची चाकं टेकली, पुढचं चाक चिखलात रुतलं, त्याचा दांडा मोडला आणि विमान नाकावरून उलटं झालं. सेसनाचे पंख डोक्यावर आणि पेट्रोल पंखांत. विमान उलटलं की पंख खाली जातात, पायलट पट्ट्याला लोंबकळतो आणि त्याच्या डोक्याखाली पेट्रोल झिरपायला लागतं. अशा वेळी घाईने बकल काढलं तर माणूस मानेवर पडतो. आधी एक हात छताला रोवायचा, मग बकल. त्याने हात रोवला, पण तोवर गावातली दोन माणसं दारातून आत शिरली होती. त्यांनी त्याला धरलं, मगच पट्टा सोडला. त्यातल्या एकाने मागून येणाऱ्याच्या तोंडातली बिडी काढून पाटाच्या पाण्यात फेकली, असं पोरगा सांगतो. मग खाट आणली आणि पाठ न वाकवता त्याला डांबरी रस्त्यापर्यंत उचलून नेलं. पुढे दाजी त्याचं सामान आणायला गेले तेव्हा मुद्दाम त्या गावात जाऊन आले. दाल-बाफले खाल्ल्याशिवाय त्यांना कोणी सोडलं नाही.

इकडे नाशिकरोडला माझी बहीण. रोज उतरल्यावर पोरगा तिला एका शब्दाचा मेसेज करायचा. त्या दिवशी मेसेजऐवजी फोन आला. आम्ही तिघं लगेच निघालो. आग्रा रोडने मालेगाव, धुळे, शिरपूर, पळासनेर आणि पुढे अंधारात बिजासन घाट. दाजी गाडी चालवत होते, तोंडातून शब्द नाही. सेंधव्याला चहाला थांबलो तेव्हा बहिणीने मोबाइलवर बातमी वाचून दाखवली, "प्रशिक्षणार्थी वैमानिक किरकोळ जखमी." तिने तिथेच हात जोडले. मीही सुटकेचा श्वास टाकला, खोटं कशाला बोलू.

हॉस्पिटलमध्ये पोचल्यावर एक्स-रे बघितले. 'किरकोळ' कोणी ठरवलं ते त्या बातमीदारालाच ठाऊक. विमान अपघातांच्या चौकशीचे जे आंतरराष्ट्रीय नियम आहेत, त्यांत गंभीर इजेची व्याख्याच दिलेली आहे. सात दिवसांच्या आत सुरू होऊन ४८ तासांपेक्षा जास्त काळ हॉस्पिटलमध्ये राहावं लागलं तर ती गंभीर इजा. हाताचं बोट, पायाचं बोट किंवा नाक यांचं साधं फ्रॅक्चर सोडून कुठलंही हाड मोडलं, तरी गंभीर. माणूस शुद्धीवर होता, बोलत होता, कॅमेऱ्याकडे बघून त्याने अंगठा दाखवला, याला त्या व्याख्येत जागा नाही.

त्याच्या पाठीचा एक मणका दबला होता. कमरेचा पहिला, एल-वन. खालून वर दणका बसला की ताठ पाठीवरचा सगळा भार छाती आणि कंबर जिथे मिळते तिथे येतो. ही जागा आम्हा ओझरवाल्यांना नीट माहीत आहे, कारण पायलटला विमानाबाहेर फेकणाऱ्या इजेक्शन सीटचा रॉकेट पेटला की फायटर पायलटचा मणकाही बहुतेक वेळा तिथेच दबतो.

४ जून २०२४ आठवा. लोकसभेची मतमोजणी चालू होती, सगळा निफाड तालुका टीव्हीसमोर, आणि दुपारी शिरसगावच्या शेतात सुखोई पडलं. दोन्ही वैमानिक इजेक्ट होऊन वाचले. माझा फोन त्या दिवशी तापला होता आणि प्रश्न तेव्हाही असेच होते. विमान केवढ्याचं? चूक कोणाची? पायलटना तपासणीला का नेलं, ते तर चालत होते ना, असंही एकाने विचारलं. अरे बाबा, सुखोईची ती के-३६ सीट शून्य उंचीवर, शून्य वेगातसुद्धा माणसाला बाहेर काढते. उडताना त्याचे पाय स्वतःच मागे ओढून बांधून घेते, नाहीतर ते मोडतील. एवढा विचार करून बनवलेली सीट, तरीही बाहेर पडलेल्याचा मणका तपासल्याशिवाय त्याला कोणी सोडत नाही. सेसनात ही सोय नाही. तिथे पायलट विमानासोबत खाली येतो आणि शेवटच्या क्षणापर्यंत त्याचे दोन्ही पाय रडरच्या, म्हणजे शेपटीच्या सुकाणूच्या, पेडलवर असतात.

मणक्याला ऑपरेशन लागलं नाही. पट्टा लावला आहे, बसायला-उठायला शिस्त आहे, आणि तो भरून येतोय. काळजी आहे ती त्याच्या उजव्या पायाची.

टाचेच्या हाडावर आणि नडगीच्या खाली एक छोटं हाड बसलेलं असतं. डॉक्टर त्याला टॅलस म्हणतात. पोराचं तेच मोडलं. आपण उभे राहिलो की अंगाचा भार त्याच्यातून खाली उतरतो. या हाडाला एकही स्नायू जोडलेला नाही. पृष्ठभागाचा निम्म्याहून जास्त भाग गुळगुळीत कूर्चेने झाकलेला, त्यामुळे रक्तवाहिन्यांना आत शिरायला वाट थोडी. याची मान, म्हणजे मधला निमुळता भाग, मोडली की तोच रक्तपुरवठा तुटायचा धोका. तो तुटला तर हाड जागच्या जागी मरतं आणि काही महिन्यांनी किंवा वर्षांनी अंगाच्या भाराने चेपतं. मग घोटा दुखतो तो कायमचा. पहिल्या महायुद्धाच्या काळात पडलेल्या विमानांतून काढलेल्या वैमानिकांमध्ये हे हाड मोडलेलं इतकं दिसायला लागलं, की डॉक्टरांनी त्या इजेला वैमानिकांचंच नाव दिलं. रडरच्या दांड्यावर पाय रोवलेला, खालून दणका, मधल्या मध्ये टॅलस. आता शंभराहून जास्त वर्षं झाली, विमानांचं सगळं बदललं, पण पाय तिथेच आहेत आणि दणकाही तिथूनच येतो.

इंजिनियरिंगच्या नजरेने बघितलं तर मला हे डिझाइन पटत नाही, पण तक्रार कुठे करणार.

पहिली डागडुजी तिथे करून आम्ही त्याला अँब्युलन्सने नाशिकला आणलं. इथे ऑपरेशन झालं, दोन स्क्रू बसवले. मग घरी. पाय जमिनीला टेकवायचा नाही, तीन महिने तरी नाही, अशी ताकीद. त्यांचं घर उपनगरच्या बाजूला, म्हणजे गांधीनगरच्या आर्मी एव्हिएशनच्या स्कूलपासून जवळ. दिवसभर डोक्यावर चित्ता आणि चेतक हेलिकॉप्टरं घिरट्या घालतात. बहीण पहिल्या आठवड्यात आवाज आला की खिडकी लावून घ्यायची, पोराला त्रास होईल म्हणून. शेवटी तोच म्हणाला, "आई, उघडी ठेव गं, उकडतंय."

भेटायला येणाऱ्यांचं मात्र काही खरं नाही. नाशिकमध्ये राहायचं आणि कोणी त्र्यंबकला शांत करायला सांगणार नाही, असं होत नाही. एका मावशींनी कालसर्प सुचवला, दुसऱ्या काकूंनी नारायण नागबळी, आणि दोघींमध्ये त्यावरून छोटा वाद झाला तो वेगळा. माझी हरकत नाही, बहिणीला बरं वाटलं तर करावी. मला त्रास होतो तो दुसऱ्या प्रकारच्या पाहुण्यांचा. सोफ्यावर बसून, चहाचा घोट घेऊन, पडलेल्या पोराकडे बघत विचारणारे. "पेट्रोल चेक केलं नव्हतं का रे?" "रस्ता होता ना बाजूला, रस्त्यावर का नाही उतरवलंस?" रस्त्याच्या कडेला विजेच्या तारा असतात आणि वरून त्या दिसत नाहीत, हे त्यांना कोण सांगणार. एक गृहस्थ तर व्हिडिओ घेऊन आले होते. उलटं पडलेलं विमान, भोवती गर्दी. तो त्याच पोराला दाखवायला. दाजी गरीब माणूस, प्रेसमध्ये म्हणजे छापखान्यात नोकरी, आवाज चढवलेला मी कधी ऐकला नाही. त्यांनी शांतपणे तो मोबाइल घेतला, उलटा करून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "चहा घ्या, गार होतोय."

दाजींची नाइट असली की मी तिथे झोपायला जातो. दिवसा पोरगा हसतो, पाहुण्यांना उत्तरं देतो. रात्री दोन-अडीचला तो जागा असतो आणि ओठ हलत असतात. चेकलिस्ट म्हणत असतो. एकदा मला हाक मारून म्हणाला, "मामा, जागा आहेस? मी कार्ब हीट उशिरा ओढली असेन का रे? पाच-सहा सेकंद?"

मी त्याला आमच्या हँगरची गोष्ट सांगितली. तिथे प्रत्येक पान्याची, प्रत्येक स्क्रू-ड्रायव्हरची जागा बोर्डावर आखलेली असते. काम संपलं की मोजणी. एक नग कमी भरला तर विमान हँगरबाहेर जात नाही आणि शिफ्टही घरी जात नाही, कारण आत राहिलेला एक पाना कंट्रोलच्या दांड्यात अडकला तर पायलटचा जीव जातो. एकदा भरती होऊन थोडेच दिवस झालेला एक पोरगा सुपरवायझरकडे आला आणि म्हणाला, साहेब, माझ्या टॉर्चची काच आत पडली आहे. कोणाला कळलंही नसतं. टॉर्च बोर्डावर होती, मोजणी बरोबर होती. पॅनेल उघडायला अर्धी रात्र गेली, काच सापडली. सुपरवायझर तोंडाचा फटकळ होता, पण त्या पोराला त्याने एक शब्द ऐकवला नाही. उलट सगळ्यांसमोर चहा पाजला. त्या रात्री त्याने शिव्या घातल्या असत्या, तर पुढची काच आम्हाला कधीच कळली नसती.

चौकशीचा कायदाही तेच सांगतो, हे लोकांना माहीत नसतं. आपल्याकडे विमान अपघातांची चौकशी करायला २०१२ पासून एएआयबी नावाचा वेगळा ब्युरो आहे. नागरी विमान वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय शिकागो कराराच्या तेराव्या परिशिष्टात आणि आपल्या नियमांत स्वच्छ लिहिलंय की चौकशीचा हेतू पुढचे अपघात टाळणं हा आहे, दोष कोणाच्या माथी मारणं हा नाही. प्राथमिक अहवालाला तीस दिवस, अंतिम अहवाल जमल्यास बारा महिन्यांत, असा त्या परिशिष्टाचा दंडक. इंजिन खोलतील, कार्ब्युरेटर बघतील, पेट्रोलचा नमुना तपासतील, मेंटेनन्सच्या नोंदी चाळतील. पोराने पलंगावर पडल्या पडल्या जबाब लिहून दिला आहे. त्यात ते पाच-सहा सेकंदही लिहिले आहेत. मी सांगितलं नव्हतं, त्याने स्वतःच लिहिले. अहवाल येईल तेव्हा मीही वाचीन, पेन घेऊन वाचीन. तोपर्यंत माझ्याकडे मत मागू नका. इंजिन न बघता मत देणाऱ्या माणसाला मी कधी माझ्या टेबलाजवळ उभं केलं नाही.

मागच्या आठवड्यात एक्स-रे होता. याची आम्ही ऑपरेशन झाल्यापासून वाट बघत होतो. सहा ते आठ आठवड्यांनी टॅलसच्या वरच्या कडेखाली एक बारीक काळसर रेघ दिसते का, ते डॉक्टर बघतात. रेघ दिसणं चांगलं. कारण ऐकून मी चाट पडलो. पाय वापरात नसला की शरीर त्या हाडातलं कॅल्शियम काढून न्यायला लागतं आणि हाड विरळ होतं. पण काढून न्यायला रक्त पोचायला हवं. मेलेलं हाड विरळ होऊच शकत नाही, ते एक्स-रेवर पांढरंफेक, मजबूत दिसत राहतं. म्हणजे तिथे मजबूत दिसलं तर घाबरायचं.

डॉक्टरांनी फिल्म प्रकाशाला लावली. आतल्या बाजूला रेघ होती. बाहेरच्या बाजूला अजून स्पष्ट नव्हती. बहिणीने विचारलं, "म्हणजे अर्धं?" डॉक्टर म्हणाले, "म्हणजे वाट बघू. सुरुवात बरी आहे." पोराने फिल्मचा फोटो काढून घेतला. रिक्षात तो फोटो मोठा करून करून बघत होता. पुढचा एक्स-रे महिन्याभराने.

बाकीचे हिशेब आहेतच. कमर्शियल लायसन्सला २०० तास लागतात, त्याचे शंभरच्या पुढे झालेत. क्लास वन मेडिकल, म्हणजे वैमानिकाची वैद्यकीय पात्रता, नव्याने सिद्ध करावं लागेल, आणि त्यात घोट्याची हालचाल बघणार, कारण रडरही पायाने आणि ब्रेकही त्याच पेडलच्या टोकाला. कर्ज घर गहाण ठेवून काढलेलं, हप्ता पाय मोडला म्हणून थांबत नाही. त्याला परत उडायचंय का? मला माहीत नाही. मी विचारलेलं नाही, बहिणीनेही नाही. एका काकांनी विचारलं होतं, बँकेच्या परीक्षा दे म्हणाले. पोरगा म्हणाला, "आधी बाथरूमपर्यंत चालतो."

ज्यांना भेटायला यायचंय त्यांनी जरूर या, संध्याकाळी पाचनंतर. दुपारी फिजिओ असतो आणि त्यानंतर तो थकतो. पायाचं विचारा, पाठीचं विचारा, झोप लागते का विचारा. शहाळी आणू नका, बाल्कनीत ठेवायला जागा उरलेली नाही. बिल्डिंगची लिफ्ट बंद आहे, तिसरा मजला आहे, तेव्हा गुडघेदुखीवाल्यांनी फोनवरच बोलावं. आणि पत्ते येत असतील तर सांगून या. आम्ही रोज मेंढीकोट मांडतो, दाजी ड्यूटीवर गेले की चौथा गडी मिळत नाही.